आरसी ३९० की अपाचे आरआर ३१०: रोजचं ऑफिस आणि वर्षातून दोनदा ट्रॅक

रोज पुण्यात ऑफिसला जायचं आणि वर्षातून दोनदा चेन्नईच्या ट्रॅकवर, तर माझं मत आरआर ३१० ला. केटीएमची आरसी ३९० जास्त ताकदवान आहे, ३७३ सीसी आणि ४३ च्या आसपास हॉर्सपॉवर. सरळ रस्त्यावर ती पुढेच जाणार, वादच नाही. पण सिग्नलला थांबत थांबत जाताना तिची गरमी मांड्यांना जाणवते आणि मनगटांवर भार येतो. टीव्हीएसच्या आरआर ३१० मध्ये रेन, अर्बन, स्पोर्ट, ट्रॅक असे चार रायडिंग मोड आहेत. शिवाय 'बिल्ट टू ऑर्डर'मध्ये (म्हणजे आपल्या पसंतीने बाइक बनवून घेताना) अॅडजस्टेबल सस्पेन्शन घेता येतं. ट्रॅकवर खरा फरक तिथेच पडतो.

आणि पहिल्यांदाच ट्रॅकवर जाणार असाल तर दोन्ही राहू द्या, यामाहाची आर१५ घ्या. १५५ सीसीत ताकद कमी, म्हणून कॉर्नरमध्ये वेग टिकवावाच लागतो. चुकलेली लाइन, म्हणजे कॉर्नरमधून जायचा मार्ग, थ्रॉटल पिळून लपवता येत नाही. (हे मला उशिरा कळलं.) वाचलेल्या पैशांत चांगला लेदर सूट, नवे ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. जुन्या ऑइलवर चार-पाच लॅपनंतर लिव्हर स्पंजसारखा होतो.