आत्या आयुष्यभर जखमी जनावरं सांभाळायची. ती गेली, तिच्या आठवणीत काय करावं?

तुम्ही विचारलंय की आत्याच्या वर्षश्राद्धाला गोशाळेला देणगी द्यावी की आणखी काही करावं. देणगी जरूर द्या. पण आधी आज संध्याकाळी तिच्या दारात कोण कोण येऊन बसतंय, ते बघून या. आमच्याकडून ते राहून गेलं, म्हणून सांगतोय.

माझे थोरले काका पारोळ्याला शिंपीकाम करायचे. सगळे त्यांना जिभाऊ म्हणत. मशीनखाली कायम एखादं कुत्रं अंग टाकून पडलेलं. चिंध्यांच्या गाद्या व्हायच्या, अस्तराच्या कापडाच्या पट्ट्या जखमांना. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "मुका जीव शे तो, तेनं दुख तो कोणले सांगी?"

२०२२ च्या साथीत राज्यातली लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या आजाराची, पहिली जनावरं ऑगस्टमध्ये आमच्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात सापडली. लोक स्वतःच्या गायीला हात लावायला घाबरू लागले. हा आजार माणसाला होत नाही, माशा, डास, गोचिडांमुळे एका जनावराचा दुसऱ्याला होतो, हे जिभाऊ ओट्याओट्यावर बसून समजावत राहिले. मोकाट गायींना तर कोणी वालीच नव्हता. जिभाऊ रोज जाऊन त्यांच्या फुटलेल्या गाठी धुवायचे, दिवेलागणीला कडूनिंबाच्या पाल्याचा धूर करायचे.

दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत ते झोपेतच गेले. घर पाहुण्यांनी भरलं, दुकानाला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचा किराणावाला सांगत आला, आतून बारीक आवाज येतोय. हायवेवर गाडीखाली आई गेलेली चार पिल्लं जिभाऊंनी कटिंगच्या टेबलाखाली खोक्यात ठेवली होती. डोळे नुकते उघडलेली. दोन मेली होती. आम्ही बारा-पंधरा माणसं घरात जिभाऊंसाठी रडत होतो आणि एकालाही त्या खोक्याची आठवण झाली नाही. हे मला अजून सहन होत नाही.

उरलेली दोन डॉक्टरांच्या सांगण्यावरून वाचली. गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजायचं नसतं, आधी ऊब द्यायची. मग शेळीचं कोमट दूध, पिल्लू पालथं धरून, थोडं थोडं. गायीच्या दुधानं जुलाब होतात. लहान पिल्लाला लघवीही आपली आपण होत नाही, ओल्या कापसानं हलकेच पुसावं लागतं.

त्यानंतर जिभाऊंची मापाची वही उघडली. पुढून छाती, कंबर, बाही. मागून वेगळाच हिशोब: "लंगडी, टाके शुक्रवारी." "भुरा, रेबीजची लस राहिली." त्या वहीमुळे कुणाचं औषध चालू होतं ते कळलं. आत्याचीही अशी वही असेल. नसेल तर तिचा मोबाईल बघा, तिच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याला, डॉक्टरांना विचारा. गुरांच्या डॉक्टरसाठी १९६२ हा टोल फ्री नंबरही आहे. आणि त्या जनावरांना हात लावणार असाल तर स्वतः रेबीजची लस आधी घेऊन ठेवा. जिभाऊंनी घेतली होती. तरीही कुणी चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा.

तुमच्या प्रश्नाचं आमच्याकडचं उत्तर पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला मिळालं. खान्देशात त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतात, वर खरबूज, सांजोऱ्या ठेवतात. देव्हाऱ्यापाशी घागर भरून झाल्यावर काकू म्हणाल्या, एक दुकानाच्या ओट्यावरही भरा, ते तिथंच जास्त बसायचे. वैशाखात पारोळ्याचं ऊन कसं असतं, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. ओट्यावरची घागर फुटली असती, म्हणून आम्ही सिमेंटची बसकी कुंडी आणली. आत एक वीट टाकली, खारुताई पडली तर तिला चढून बाहेर येता यावं. तिसऱ्या दिवशी कुंडी घासावी लागते, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. उन्हाळ्यात काकू दिवसातून दोनदा भरतात. गायी येतात, कुत्री येतात, दुपारी साळुंक्या येतात.

वाचलेली दोन पिल्लं आता मोठी झालीत, मशीनखालीच झोपतात. मशीन चुलतभाऊ चालवतो. वहीच्या मागच्या पानांवर जिभाऊंच्या अक्षराखाली काकूंचं अक्षर सुरू झालंय. शेवटची नोंद परवाची आहे: "तांबडी गाय, शिंगाची पट्टी सोमवारी बदलणे."