इव्हेंटिंगमध्ये घोड्यांचे हाल होतात का, आणि त्यातली पंचगिरी विश्वासार्ह असते का?

तुम्ही इव्हेंटिंगबद्दल, म्हणजे घोडेस्वारीच्या तीन टप्प्यांच्या स्पर्धेबद्दल, दोन गोष्टी विचारल्यात. एक, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या रॉस कँटरला क्रॉसकंट्री, म्हणजे मोकळ्या रानातली अडथळ्यांवरून दौड, पूर्ण झाल्यावर मागाहून १५ पेनल्टी कशी काय लावली, हा सेटिंगचा प्रकार नाही का. दुसरी, घोड्यांना असल्या जाडजूड ओंडक्यांवरून पळवणं हा छळच नाही का. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं उत्तर अवलंबून आहे, आणि ते कोणावर अवलंबून आहे तर पंचांवरच, म्हणून दोन्हीचं एकत्रच लिहिते.

आधी माझी पात्रता. मी इंग्लंडमध्ये राहते आणि सीझनमध्ये आसपासच्या स्पर्धांना फेन्स जज म्हणून जाते. बिनपगारी काम आहे. सकाळी ब्रीफिंग, मग क्लिपबोर्ड, रेडिओ, शिट्टी, एक झेंडा आणि जेवणाची पिशवी घेऊन दिवसभर एका अडथळ्याशेजारी बसायचं. घोडा दिसला की शिट्टी मारून कुत्री फिरवणाऱ्या मंडळींना बाजूला काढायचं, उडी झाली की रेडिओवर नंबर आणि क्लिअर किंवा काय झालं ते सांगायचं. या खेळाचा बराचसा निकाल माझ्यासारख्या हौशी लोकांच्या डोळ्यांवर उभा असतो हे टीव्हीवर बघताना लक्षात येत नाही.

खेळ थोडक्यात सांगते. पहिल्या टप्प्यात ड्रेसाज, म्हणजे घोड्याची शिस्तीतली कवायत, त्याचे जज टक्के देतात आणि ते १०० मधून वजा होऊन पेनल्टी बनते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या फवाद मिर्झाला २८ मिळाले होते म्हणजे ७२ टक्के. मग क्रॉसकंट्री, शेवटी शो जंपिंग, म्हणजे रिंगणातल्या धक्क्याने पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या. पेनल्टी ज्याची सगळ्यात कमी तो जिंकला. क्रॉसकंट्रीत घोड्याने एकदा नकार दिला की २०, त्याच अडथळ्यावर परत दिला की ४०, पडलात की थेट बाहेर, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक सेकंदाला ०.४.

आता ती १५ ची भानगड. प्रत्येक अडथळ्याच्या उजवीकडे लाल आणि डावीकडे पांढरा झेंडा असतो, घोड्याचं डोकं, मान आणि दोन्ही खांदे त्यांच्या मधून गेले पाहिजेत. हल्लीचे अडथळे मुद्दाम अरुंद करतात, इतके की घोडा जेमतेम मावतो, आणि वाकडा आला की एक झेंडा उडवूनच जातो. झेंडा उडाला म्हणून पेनल्टी नसते, खांदा बाहेरून गेला का हा प्रश्न असतो आणि तो प्रकार अर्ध्या सेकंदात उरकतो. माझ्या अडथळ्यावर असं झालं की पॅडवर लगेच चित्र काढायचं, घोडा कुठून आला, कुठे वळला, झेंडा कुठल्या बाजूला पडला, कारण पुढचा घोडा दोन-तीन मिनिटांत येतो आणि तोपर्यंत आधीचं डोक्यातून पुसलं जातं. मोठ्या स्पर्धेत हे चित्र व्हिडिओबरोबर ग्राउंड ज्युरीकडे, म्हणजे मुख्य पंचांच्या मंडळाकडे, जातं, तिथे फ्रेम थांबवून बघतात, म्हणून निर्णय उशिरा येतो. कँटरच्या बाबतीत ब्रिटनने दाद मागितली, ती फेटाळली, आणि तरीही टीम गोल्ड ब्रिटनलाच मिळालं. मला तो निर्णय कडक वाटला पण चोरी नाही वाटली.

खरा गोंधळ बघायचा असेल तर २००४ चं अथेन्स बघा. जर्मनीची बेटिना हॉय शो जंपिंगला आली, स्टार्टची रेघ ओलांडली, मग एक गोल फेरी मारून ती परत ओलांडली, आणि बोर्डावरचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झालं. तिला वाटलं वेळ आत्ता सुरू झाली. ज्युरीने वेळेची पेनल्टी लावली, अपील कमिटीने ती काढली, जर्मनीने टीमचं आणि वैयक्तिक अशी दोन्ही गोल्ड गळ्यात घातली, मग फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका क्रीडा लवादाकडे गेले आणि लवाद म्हणाला की मैदानावर ज्युरीने दिलेला निर्णय फिरवायचा अधिकारच अपील कमिटीला नव्हता. टीम गोल्ड फ्रान्सला, वैयक्तिक ब्रिटनच्या लेस्ली लॉला. घड्याळ चुकलं यंत्रणेचं आणि भोगलं रायडरने, याला मी अन्यायच म्हणते, पण नियमाच्या पुस्तकाप्रमाणे लवाद बरोबर होता. असो.

या सगळ्यात घोडा कुठे आहे? हाच माझा मुद्दा आहे. रायडर अपील करतो, देश अपील करतो, मालक जाऊन भांडतो, घोड्याच्या वतीने बोलणारा माणूस फक्त पंच आणि व्हेट. त्यामुळे पंचगिरी ढिली पडली की पहिला मार घोडाच खातो.

टोकियोत स्वित्झर्लंडचा जेट सेट नावाचा १४ वर्षांचा घोडा क्रॉसकंट्रीच्या शेवटाकडे एका उडीनंतर लंगडायला लागला, पायाचं लिगामेंट तुटलं होतं, त्याला तिथल्या घोड्यांच्या दवाखान्यात नेऊन शेवटी मरण द्यावं लागलं. तिथे उकाड्यासाठी बर्फाचं पाणी, कूलिंगचे तंबू, सकाळची वेळ सगळं केलं होतं, तरी हे झालं. त्याच दिवशी जर्मनीच्या मायकेल युंगला, जो ड्रेसाजनंतर पहिला होता, ११ पेनल्टी बसली कारण त्याच्या घोड्याचा पाय हलकासा लागून अडथळ्याची सेफ्टी पिन सुटली. ही पिन कशासाठी, तर घोडा जोरात आदळला की आडवा ओंडका खाली पडावा आणि घोडा रायडरला खाली घेऊन कोलांटी खाऊ नये, कारण माणसं आणि घोडे मरतात ते बहुतेक याच प्रकारात. लोक म्हणाले हा कसला न्याय, हलक्या धक्क्याला ११! मला विचाराल तर जीव वाचवणाऱ्या वस्तूची किंमत मेडलमध्ये मोजली गेली तर मोजू दे, त्यामुळे रायडर अडथळ्यावर जरा बेताने येतात. आणि युंगने पॅरिसला त्याच चिपमंक घोड्यावर वैयक्तिक गोल्ड घेतलंच की.

माझा खरा राग टीमच्या फॉरमॅटवर आहे. पूर्वी टीममध्ये चौघे असायचे आणि सगळ्यात वाईट स्कोअर सोडून द्यायचे. टोकियोपासून तिघेच, तिघांचेही स्कोअर मोजतात. कारण काय तर जास्त देश यावेत आणि टीव्हीवर बघणाऱ्याला समजावं. पण आता घोडा दमलाय असं वाटलं तरी रायडर हात आखडता घेईल का? तो थांबला तर टीमच्या डोक्यावर २०० पेनल्टी. बदली जोडी आणता येते, त्याचे २० लागतात. पॅरिसला जपानची एक जोडी शेवटच्या दिवशी घोड्याच्या तपासणीनंतर बाहेर पडली, बदली आणली, २० पेनल्टी खाल्ली, टीम तिसऱ्यावरून खाली घसरली आणि तरी ब्राँझ घेतलं, १९३२ नंतर घोडेस्वारीतलं त्यांचं पहिलं मेडल. छान गोष्ट आहे, पण घोड्याच्या तब्येतीसाठी बाजूला होणाऱ्याला दंड कशाला हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

दमलेला घोडा ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. गेल्या एका पावसाळी स्पर्धेत माझा अडथळा चढाच्या माथ्यावर होता, एक घोडी येताना दिसली, मान खाली, टापा जड, चिखलात प्रत्येक टाप उशिरा निघत होती आणि वरचा रायडर कोपरं हलवून हलवून तिला ढकलत होता. तिने उडी मारली, पण कशी, पोट घासत. मी रेडिओवर क्लिअर म्हटलं आणि लगेच सांगितलं की घोडी संपलीये. पुढच्या अडथळ्यावर झेंडा दाखवून थांबवलं तिला. तो रायडर नंतर जाम चिडला होता, त्याच्या मते घोडी फक्त आळशीपणा करत होती. वाद घालायचा नाही असं आम्हाला ब्रीफिंगमध्येच सांगतात, ऑफिसकडे बोट दाखवायचं, तेवढं केलं.

हे काम वरच्या लेव्हलला अवघड होतं कारण ज्याला थांबवायचं तो वर्ल्ड चॅम्पियन असतो, कॅमेरे चालू असतात आणि तुम्ही चुकलात तर जगभर शिव्या. चाबकाचंही तेच, एका प्रसंगाला दोनपेक्षा जास्त फटके नाहीत हा नियम स्पष्ट आहे, पण मोजायचे कोणी, मोजून रिपोर्ट करायची हिंमत कोणाची. दुसरीकडे काही गोष्टी सुधारल्यात, नोजबँड, म्हणजे घोड्याच्या नाकावरचा पट्टा, किती आवळलाय हे पूर्वी स्टीवर्ड, म्हणजे नियमांवर लक्ष ठेवणारे अधिकारी, बोट घालून बघायचे आणि प्रत्येकाचं बोट वेगळं, २०२५ पासून त्याला ठरलेलं मापाचं साधन आलंय, वाद संपला. रक्ताच्या बाबतीत मात्र आंतरराष्ट्रीय फेडरेशनने शो जंपिंगमध्ये उलटं पाऊल टाकलं, २०२६ पासून घोड्याच्या अंगावर थोडं रक्त दिसलं तर थेट बाद नाही, आधी वॉर्निंग. हे मला अजिबात पटत नाही.

बंदी घाला म्हणणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. टोकियोत मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे घोडेस्वारीसकट पाच खेळांच्या स्पर्धेत, सेंट बॉय नावाचा घोडा उडीच मारेना, जर्मन खेळाडू रडत त्याला चाबूक मारतेय आणि कोचने त्याला बुक्की मारली, जगाने लाइव्ह बघितलं. परिणाम, पॅरिसनंतर त्या खेळातून घोडा कायमचा गेला. इव्हेंटिंगवाल्यांनी हे लक्षात ठेवलं तर बरं.

भारताचं विचाराल तर आपल्याकडे हा खेळ मुख्यतः आर्मीचा. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी गोल्ड घेतलं, २०२५ च्या शेवटी पट्टायाला आशिष लिमये यांनी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत वैयक्तिक गोल्ड घेतलं, आणि मराठी पेपरांत त्याची म्हणावी तशी बातमी झाली नाही. घोडे युरोपातच ठेवायची पाळी येते कारण इथल्या घोड्यांना रोगांच्या नियमांमुळे बाहेर न्यायला मोठी अडचण, मेरठच्या सेंटरला २०२५ मध्ये रोगमुक्त म्हणून मान्यता मिळालीये, तेव्हा आता हळूहळू बदलेल. पण मोठ्या स्पर्धा इथे व्हायच्या तर घोड्यांइतकेच फेन्स जज लागतील, आणि त्यासाठी घोड्यावर बसता येणं गरजेचं नाही. पुण्या-मुंबईत कुठल्या रायडिंग क्लबची स्पर्धा असेल तर विचारून बघा, माणसं नेहमीच कमी असतात.