मावशीचा हजेरीपट

"मॅडम, मावशीला मांजरांचं वेड लागलंय. बिल्डिंग पाडायला निघालीय आणि ही घर सोडायला तयार नाही. हा काही मानसिक आजार असतो का?"

समोर बसलेला भाचा बेचाळिशीचा. (ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.) मावशी चौऱ्याहत्तरची, निवृत्त शिक्षिका, एकटी. मुंबईच्या उपनगरातली जुनी तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेलेली, बहुतेक बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत पांगलेली. तळमजल्यावर उरल्या मावशी आणि मागच्या बोळात मांजरं. किती, विचारलं तर म्हणाला, "चाळीसेक तरी." उपायही त्याने ठरवून ठेवला होता. रविवारी दोन माणसं लावायची, पोत्यांत भरायची आणि मासळीबाजारात सोडून यायचं. मांजरांना मासे, मावशीला मोकळीक.

असे भाचे, मुलगे, सुना माझ्याकडे अधूनमधून येतात. कधी प्रश्न कबुतरांचा असतो, कधी कुत्र्यांचा. आजार आहे का, ही शंका मात्र सगळ्यांची. कधीकधी तो असतोही. जनावरं साठवत जाणाऱ्या माणसाच्या घरात पाय ठेवायला जागा नसते, प्राणी उपाशी आणि रोगट असतात, आणि त्या माणसाला ते दिसतच नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञच लागतो. म्हणून मी आधी घर बघायला गेले.

घर लख्ख होतं. एक म्हातारी तिरंगी मांजर सोडली तर आत एकही जनावर नव्हतं. कुकरमध्ये भात, त्यात मांदेली. खिडकीतून बाई एकेकीची ओळख करून देत होत्या, कोण कोणाची लेक, कोणाचा डोळा कधी गेला. हे वेड नव्हतं.

आणि इथे मी माती खाल्ली. म्हटलं, "बाई, खाणं हळूहळू कमी केलंत तर ती आपोआप दुसरीकडे जातील." बाईंनी माझा अर्धा भरलेला कप उचलला. "तुम्हालाही त्यानेच पाठवलंय," एवढंच म्हणाल्या. पुढे दोन आठवडे माझा फोन घेतला नाही. सल्लाही चुकीचाच होता. खाणं तुटलं म्हणून मांजर लगेच जागा सोडत नाही, कचरा उपसतं, दारोदार ओरडत फिरतं आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खातं.

दुसऱ्या भेटीत मी फक्त विचारलं, की घर सोडायचं म्हटलं की नेमकं काय डोळ्यांसमोर येतं? बाई म्हणाल्या, "संध्याकाळी सहाला ती येऊन बसतील. दुसऱ्या दिवशीही बसतील. हे माहीत असताना मी टेम्पोत कशी बसू?"

भाच्याला मावशी हट्टी वाटत होती. ती हिशेब करत होती, आणि त्या हिशेबात तिच्या मदतीला कोणी नव्हतं.

मग मी म्हटलं, बाई, आधी पट घालू. त्यांनी कपाटातून खरोखरचा जुना हजेरीपट काढला. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ खुणा झाल्या. भाच्याची चाळीस नव्हती, बाई सांगत होत्या ती आठ-दहाही नव्हती. अकरा मोठी, चार पिल्लं; एकूण १५. आकडा कागदावर आला आणि दोघांचाही आवाज खाली आला.

मासळीबाजाराचा बेत का सोडायचा, हे भाच्याला समजवावं लागलं. मांजर जागेला बांधलेलं असतं. अनोळखी ठिकाणी तिथली मांजरं त्याला टिकू देत नाहीत आणि ते परतीच्या वाटेवर गाड्यांखाली येतं. इकडे रिकाम्या बोळात, खाणं आहे तोवर, नवी मांजरं येतात. भाटी, म्हणजे मांजराची मादी, चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते आणि अंगावर पिल्लं पीत असतानाही पुन्हा गाभण राहते. म्हणून आधी निर्बीजीकरण. मुंबई महापालिकेने २०१९ पासून मांजरांसाठीही ते सुरू केलं आहे. कमिटीच्या सेक्रेटरींनी खाणं घालण्यावर बोट ठेवलं, तेव्हा २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतली, आवारातल्या प्राण्यांच्या खाण्याची सोय लावणं सोसायटीचं काम आहे, ही तरतूद भाच्यानेच त्यांना वाचून दाखवली. तो तोवर बदलला होता, किंवा सेक्रेटरींशी त्याचं आधीपासूनच पटत नसावं.

कामं वाटून दिली. ठरवणं बाईंचं, उचलणं, फोन आणि रिक्षा भाच्याची. प्राणिसंस्थेकडून पिंजरे आणले. रात्रीपासून खाणं बंद, पहाटे पिंजऱ्यात सुक्या बोंबलाचा तुकडा, दार पडलं की वरून चादर, म्हणजे अंधारात मांजर शांत होतं. पहिल्या दिवशी एका शेजीबाईंनी दया येऊन भल्या पहाटे दूध-पोळी घातली आणि सगळा बेत पाण्यात गेला. भाच्याला एक ओरखडाही मिळाला. पंधरा मिनिटं साबणाने धुवायला लावून मी त्याला रेबीजच्या इंजेक्शनासाठी पाठवलं. जखम लहान असली तरी यात चालढकल करायची नसते. सहा आठवड्यांत दहा मोठ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, प्रत्येकीच्या कानाचं टोक खुणेसाठी कापलेलं. अकरावा, एक जाडा बोका, शेवटपर्यंत पिंजऱ्याकडे फिरकला नाही.

पिल्लं दीडेक महिन्याची होती. याच वयात ती माणसाळतात, आणखी दोन महिने गेले असते तर हाती लागली नसती. तिघांना घरं मिळाली, एक जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेलं. त्या रात्री भाचा मावशीकडे झोपायला राहिला. कोणी सांगितलं नव्हतं.

म्हातारी तिरंगी बाईंबरोबर भाड्याच्या घरी गेली. बोळातल्या दोन मांजरी वसईच्या एका रोपवाटिकेत, तिथे उंदीर फार. त्यांना आधी तीन आठवडे मोठ्या पिंजऱ्यात ठेवून मगच दार उघडलं. उरलेल्या सातांसाठी बाई खाण्याची ताटली रोज दोन-चार हात पुढे सरकवत राहिल्या. महिन्याभरात ती शेजारच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे पोचली. तिथल्या दोन बायकांनी वार वाटून घेतले. हे जमलं नाही तोवर टेम्पो बोलवायचा नाही, अशी अट मीच घातली होती. भाच्याने ती पाळली, बिल्डरचे फोन त्यानेच झेलले.

आता बाई मंगळवारी आणि शनिवारी रिक्षाने येतात, पट घेऊन. बोक्याच्या नावापुढे तीन महिने 'गै' लागतोय. परवा भाच्याने विचारलं, "मावशी, त्याचं नाव काढून टाकू या का?"

"पटावरून नाव कमी करायला दाखला लागतो," बाई म्हणाल्या आणि त्या दिवसाचा 'गै' लिहिला.