गावी जाण्याआधी बोक्याची सोय

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. गणपतीला पाच दिवस कोकणात जायचंय, बोका पुण्यातच फ्लॅटमध्ये राहणार, तर मोठ्या भांड्यात कोरडा खाऊ आणि बादलीभर पाणी ठेवलं की भागेल का, असं विचारलंस. नाही भागणार. पण त्याला घरीच ठेवायचं हे तू बरोबर ठरवलंयस. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. आठ तासांचा प्रवास, पाहुण्यांनी भरलेलं घर, उघडी दारं, अंगणातली कुत्री, यात तो बिथरून पळाला तर अनोळखी गावात त्याला परत कसं यायचं ते कळणार नाही. घरीच राहू दे, फक्त एकटा सोडू नकोस.

धडधाकट, मोठं मांजर एक रात्र, म्हणजे साधारण चोवीस तास एकटं राहू शकतं. त्यापुढे रोज कुणीतरी आलंच पाहिजे. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, इन्सुलिनवर असलेलं मांजर, पूर्वी लघवी तुंबलेला बोका किंवा महिन्याभरापूर्वीच घरी आणलेलं मांजर यांना एक रात्रही एकटं ठेवू नये. तुझा बोका यात बसत नाही, म्हणून पुढचं सगळं सांगते.

रोज माणूस कशाला, खाऊ तर आहेच, असं तुला वाटेल. खाऊ घालणं हे त्या माणसाचं दुय्यम काम. बोक्याची मूत्रनलिका मादीपेक्षा लांब आणि अरुंद असते. ताण आला, पाणी कमी प्यायलं गेलं, की त्या नळीत बारीक खडे किंवा चिकट बोळा अडकून लघवी तुंबते. पूर्ण तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नसबंदी झालेल्या बोक्यालाही हे होतं. दुसरं कारण खाण्याचं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठायला लागते, आणि गुटगुटीत मांजराला हा धोका जास्त. या दोन्ही गोष्टींत मांजर ओरडून सांगत नाही. कोपऱ्यात जाऊन गप्प बसतं. खाऊचं भांडं भरलेलं असूनही हे होऊ शकतं, म्हणून रोज डोळ्यांनी बघणारं माणूस हवं.

हे माणूस आत्ताच ठरव, किमान तीन आठवडे आधी. गौरी-गणपतीत अर्धी सोसायटी गावाला जाते आणि उरलेल्यांच्या घरी पाहुणे असतात. पैसे घेऊन मांजर सांभाळणारेही या दिवसांत लवकर बुक होतात. शेजारच्या शाळकरी मुलावर एकट्यावर ही जबाबदारी टाकू नकोस. तुझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना बोका रोज बघतो, त्यांच्या पायांशी घोटाळतो, असं तूच लिहिलंस. मग त्यांच्यापेक्षा योग्य कुणी नाही. मात्र त्यांच्याही घरी सण असतो. जमेल का ते मोकळेपणाने विचार, आणि कामाच्या पगाराव्यतिरिक्त याचे वेगळे पैसे ठरवून आधीच दे. दिवसातून दोनदा यायला जमलं तर उत्तम, एकदा तरी हवंच, आणि आल्यावर अर्धा तास थांबायचं.

गावी निघायच्या आधी दोन वेळा तू घरात असताना त्यांच्याकडून सगळं करून घे आणि एकदा तू बाहेर असताना. कितीही ओळखीचं माणूस असलं तरी घरात तू नसताना बोका लपतो. तो कुठे कुठे लपतो ते त्यांना दाखवून ठेव: दिवाणाखाली, वॉशिंग मशीनच्या मागे, माळ्यावरच्या गाद्यांत. एकच नियम पक्का सांग. बोका प्रत्यक्ष दिसल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही.

दार उघडण्याची पद्धतही शिकवावी लागते, कारण अशी मांजरं हरवतात ती बहुतेक दारातूनच. आधी सेफ्टी डोअर उघडून आत उभं राहायचं आणि ते पाठीमागे ओढून घ्यायचं. मग आतलं दार फक्त वीतभर उघडायचं आणि हातातली पिशवी त्या फटीत, जमिनीलगत, आधी आत सरकवायची. बोका दाराशी टपलेला असेल तर पिशवीला अडतो. मग आपण अंग तिरकं करून आत शिरायचं आणि दार लावायचं. निघताना हेच उलट, पाठ दाराकडे आणि तोंड बोक्याकडे ठेवून.

आत आल्यावर पहिलं लक्ष लिटरच्या, म्हणजे शी-शूसाठी भरलेल्या मातीच्या, ट्रेकडे. ओलं झाल्यावर गोळा होणारं लिटर वापरत असशील तर काम सोपं आहे, कारण लघवीचे गोळे मोजता येतात. चार किलोच्या बोक्याचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे निघतात, प्रत्येक लिंबाएवढा किंवा थोडा मोठा. आत्तापासून आठवडाभर रोज मोजून लिहून ठेव, म्हणजे तुझ्या बोक्याचा नेहमीचा आकडा ताईंना सांगता येईल. चोवीस तासांत एकही गोळा नाही, किंवा तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, मागचा भाग सारखा चाटतोय, तर तुझ्या फोनची वाट न बघता त्याला थेट डॉक्टरकडे न्यायचं. बद्धकोष्ठ झालं असेल म्हणून उद्यावर ढकलायचं नाही, कारण लघवी तुंबलेलं मांजरही हुबेहूब तसंच कुंथताना दिसतं. फावड्यात काढलेल्या गोळ्यांचा रोज एक फोटो तुला पाठवायला सांग. दोन ट्रे ठेव, दोन वेगळ्या खोल्यांत, पाच ते सात सेंटिमीटर जाड थर घालून. एक घाण वाटला तर दुसरा असतो, नाहीतर तो गादीवर जातो. आणि जायच्या तोंडावर लिटरचा ब्रँड बदलू नकोस.

आता खाणं. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या बोक्याला कोरडा खाऊ दिवसाला साधारण 50 ग्रॅम पुरतो. पाकिटावरचा तक्ता बघून नेमका आकडा घे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून प्रत्येक दिवसाची वेगळी पुडी घट्ट झाकणाच्या डबीत भर आणि वर वार लिही. ताईंनी जुनं भांडं उचलताना उरलेलं तोलायचं आणि तोही आकडा कळवायचा. पाच दिवसांचा ढीग एकदम का नको, तर काही बोके पहिल्या रात्रीच दोन दिवसांचं खातात आणि ओकतात. शिवाय भाद्रपदातली दमट हवा. उघडा कोरडा खाऊ दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, तिसऱ्या दिवशी त्याला खवट वास येतो आणि बोका तोंड लावत नाही. मुंग्या येतात त्या वेगळ्याच. भांडं पाणी भरलेल्या परातीत ठेव, मुंग्यांचा खडू मात्र अजिबात ओढू नकोस. त्यातल्या कीटकनाशकाला मांजराचं शरीर फार हळवं असतं. तो खडूवरून चालतो आणि मग पंजे चाटतो.

ओला खाऊ ताई समोर असतानाच द्यायचा आणि उरलेला जाताना उचलून टाकायचा. वाटीभर दूध ठेवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, ती सोड. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं पाणी कमी होतं. नेमकं तेच आपल्याला टाळायचंय.

ठराविक वेळी खाऊ टाकणारं यंत्र घ्यावं का, असंही विचारलंस. ताईंच्या जोडीला घे, त्यांच्या बदली नको. घेतलंस तर किमान आठवडाभर आधी चालवून बघ. मोठ्या दाण्यांचा खाऊ चक्रीत अडकतो, दमट हवेत दाणे चिकटतात. वीज गेल्यावर ते बॅटरीवर चालतं का हे प्लग काढून तपास आणि एक दिवस वाय-फाय बंद ठेवून बघ, कारण काही यंत्रं नेट गेलं की गप्प बसतात. कॅमेऱ्याचंही तसंच. तो असला तर बरं, पण कॅमेऱ्यातून बोक्याला हाका मारू नकोस. आवाज येतो आणि माणूस सापडत नाही, याने काही मांजरं घरभर शोधत फिरतात.

पाण्याचा हिशोब असा, की किलोमागे दिवसाला साधारण 50 मिली. म्हणजे तुझ्या बोक्याला खाऊतलं धरून 200 मिली. कोरड्या खाऊत पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्या खाऊत पाऊण भागाहून जास्त. म्हणून या पाच दिवसांत रोज थोडा तरी ओला खाऊ जावा. बादली नको. तीन पसरट, जड भांडी तीन ठिकाणी ठेव, लिटरपासून लांब. रोज पाणी ओतून, भांडं घासून, नवं भरायचं.

घराची तयारी आदल्या रात्री घाईने करू नकोस, एक रविवार त्यासाठी ठेव. पहिली खिडकी. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दाताने कुरतडतं, आणि काही वर्षांनी तिचे हूक भिंतीतून सुटायला लागतात. प्रत्येक कोपऱ्यात तळहाताने जोर लावून बघ. जी खिडकी उघडी ठेवायची तिला स्टीलची जाळीच हवी. बाकीच्या पूर्ण बंद. गॅलरीचं दार बंद, कारण कबुतर समोर बसलं की बोक्याला उंची दिसत नाही.

दुसरं, खोल्यांची दारं. पावसाळी वाऱ्याने दार धाडकन लागतं, खटका बसतो आणि बोका बेडरूममध्ये अडकतो, पाणी-लिटर बाहेर. प्रत्येक उघड्या दाराला, ते लागतं त्या बाजूने, पाच लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन टेकवून ठेव, लाकडी पाचर सरकते. न्हाणीघराचं दार, वॉशिंग मशीनचं झाकण, कपाटं, ड्रॉवर सगळं बंद. बॅग भरताना तो हमखास उघड्या कपाटात शिरतो, म्हणून शेवटचं कुलूप लावण्याआधी बोका कुठे आहे ते बघ आणि मगच बाहेर पड.

टेबलावरून उचलायच्या वस्तू: सुई-दोरा, लोकर, रिबन, जुन्या राख्या, वाती. दोरा गिळला तर एक टोक कुठेतरी अडकतं आणि आतडं त्या दोऱ्यावर चुणीसारखं गोळा होत जातं, मग ऑपरेशनच करावं लागतं. शेपटाखालून दोरा बाहेर लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, हे ताईंना आवर्जून सांग. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी आहे, डांबराच्या गोळ्याही विषारी. पुष्पगुच्छात लिली असेल तर तो गुच्छ घरातच नको. तिचे पराग अंगावरून चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मेन स्विच पाडून जाऊ नकोस. ओला खाऊ फ्रिजमध्ये आहे. गॅसचा रेग्युलेटर आणि गिझर तेवढे बंद कर.

आवाजाचा विचार या दिवसांत वेगळा करावा लागेल. दीड दिवसाच्या, पाच दिवसांच्या विसर्जनाला तुमच्या रस्त्यावर ढोल वाजणारच. रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या खोलीत एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेव, त्यात तू दोन दिवस घातलेला, न धुतलेला टी-शर्ट. शेजारी त्याची प्रवासाची पेटी, दार उघडं ठेवून. ती आजपासूनच बाहेर काढ आणि त्यात खाऊ देत जा. पेटी फक्त डॉक्टरकडे जातानाच निघत असेल तर ऐनवेळी ताईंना तो त्यात घालता येणार नाही. ढोल वाजताना तो लपला तर ओढून काढायचं नाही, लपल्या जागी तो दिसतोय ना ते पाहायचं, ट्रे आणि भांडी बघायची आणि परत संध्याकाळी यायचं.

एका पाकिटात लसीकरणाचं कार्ड, बोक्याचा स्पष्ट फोटो, आणि तुझ्या सहीची चिठ्ठी ठेव. चिठ्ठीत लिही, की माझ्या गैरहजेरीत उपचार करण्यास माझी परवानगी आहे आणि खर्च मी देईन. सोबत चार-पाच हजार रुपये. नेहमीचे डॉक्टर सणाच्या दिवशी दवाखाना उघडणार आहेत का ते विचार, नसतील तर रात्री उघडं असणारं दुसरं रुग्णालय त्यांनाच विचारून पत्ता लिहून ठेव. दुसरी किल्ली सोसायटीतल्याच एखाद्या विश्वासाच्या घरी. लॅचचं दार वाऱ्याने लागून ताई बाहेर आणि किल्ली आत, असं सहज होतं.

परतल्यावर बोका तुझ्याकडे पाठ करून बसला तर मनाला लावून घेऊ नकोस, एक-दोन दिवसांत येतो जवळ. गादीवर लघवी केली असेल तर रागावू नकोस, तो ताण असतो. पण लघवी थोडी थोडी, लाल किंवा सारखी होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

पुड्या पाच नाही, सात भर. घाटात दरड कोसळली किंवा महामार्गावर गाड्या अडकल्या की परतीचा दिवस एकाने सहज पुढे जातो. ताईंना पाच दिवसांचं नाही, तू घरात पाऊल टाकेपर्यंतचं सांग, आणि गावाहून निघाल्यावर नाही, घरी पोचल्यावर फोन करून मग किल्ली मागून घे.

तुझी,
मावशी