मागचे पाय गेलेला कुत्रा घरी आणण्याआधी

प्रिय मुली,

व्हिडिओ पाहिला. गाडीने उडवलेला, कमरेतून गेलेला तो तांबूस कुत्रा पुढच्या दोन पायांवर अंग ओढत तुझ्याकडे येतो आणि खाली तू लिहितेस, "मावशी, याला कायमचा घरी आणू?" आण, पण कायमचा आत्ताच नको. आधी महिना-दीड महिना फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, ठेव. तो ज्या शेल्टरमध्ये आहे, त्यांच्याशी ते लेखी ठरव: औषधपाण्याचा खर्च कोणाचा, डॉक्टर कोणते, नाही झेपलं तर परत कोण घेणार. फॉस्टरने कुत्रा परत नेऊन दिला तर कोणी नावं ठेवत नाही. दत्तक घेतलेला परत आला की सगळ्यांचीच तोंडं कडू होतात.

पंजाला चिमटा काढला की तो पाय आखडतो, म्हणजे त्याला कळतं, असं तुझं म्हणणं. तसंच असेल असं नाही. पाय आखडणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. ती मणक्यातल्या मणक्यात होते, मेंदूला पत्ताही नसतो. चिमट्यासरशी त्याने मान वळवली, कुंईकुंई केलं किंवा तो चावायला आला, तर दुखणं वर पोचतंय. ही तपासणी डॉक्टरांनाच करू दे. पोचत असेल तर पाय परत येण्याची आशा बरीच असते. नसेल, आणि आठवडे उलटून गेले असतील, तर मागच्या पायांना आधार देणारा चाकांचा गाडा आणि डायपर धरूनच चाल.

आता शू. अशा कुत्र्याचा सगळा संसार तिच्याभोवती फिरतो, आणि रील्समध्ये नेमकी तीच दिसत नाही. कमरेतून गेलेल्या बऱ्याच कुत्र्यांना लघवी आपली आपण करता येत नाही, हाताने काढावी लागते. दर सहा ते आठ तासांनी, रविवार असो की दिवाळी. मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना तळवे टेकवून चाचपलं की पाणी भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी हाताला लागतं. मग सावकाश, एकसारखा दाब शेपटीच्या दिशेने. झटका द्यायचा नाही, आणि घट्ट लागून धार येत नसेल तर जोर न लावता डॉक्टर गाठायचे. नरांची काढणं जरा अवघडच. हे वाचून जमत नाही. शेल्टरमधल्या मुलाच्या हातांवर हात ठेवूनच शिकावं लागतं.

एका गोष्टीला मात्र फसू नकोस. गादी ओली दिसली की लोक म्हणतात, झाली त्याची त्याची. कित्येकदा ते भरून वाहिलेलं असतं. आत मूत्राशय तुडुंबच. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात. वास उग्र झाला, रंग गढूळ किंवा लालसर दिसला, तर त्याच दिवशी नमुना तपासायला दे. आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी त्याला चुकूनही देऊ नकोस.

दुसरी डोकेदुखी जखमांची. एकाच कुशीवर पडून राहिला की कमरेच्या हाडावर आधी केस जातात, मग कातडी लाल होते, मग भोक. दर दोन-चार तासांनी कूस बदल, खाली जाड गादी घाल, फरशीवर फरपटू देऊ नकोस. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की दुसऱ्या दिवशी अळ्या पडलेल्या असतात. मागचा भाग रोज धुवायचा आणि कोरडा करायचा, अगदी मांड्यांच्या आतपर्यंत. पेट शॉपमधले पॅड महाग पडतात; मेडिकलमध्ये आजाऱ्यांसाठीचे अंडरपॅड मिळतात, ते आण. माणसांच्या डायपरला शेपटीसाठी भोक पाडलं की काम भागतं. गाड्यात त्याला बसता-लोळता येत नाही, म्हणून थोडा थोडा वेळच, आणि तू समोर असताना.

सोसायटी कुरकुर करेलच. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. त्यांची प्रत फोनमध्ये ठेव. त्याहून उपयोगी म्हणजे लिफ्टमध्ये नेताना त्याला डायपर घाल.

हे सगळं वाचून तुझा धीर सुटला तर मला वाईट वाटणार नाही. त्याच शेल्टरमध्ये एखादा तीन पायांचा किंवा आंधळा कुत्रा असेलच. तीन पायांच्याला मी तर विशेष गरजांचा म्हणतच नाही. वजन वाढू दिलं नाही की तो चार पायांवाल्यांना दमवतो. आंधळ्यासाठी सोफा-टेबलाच्या जागा बदलू नकोस आणि हात लावण्याआधी हाक मार, बाकीचं घर तो स्वतः पाठ करतो. लोक यांच्यावर फुकटची दया करतात आणि घेऊन मात्र कोणी जात नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला हे कुत्रे खरंच झेपतात.

तांबड्यावरच जीव जडला असेल तर मला एवढंच कळव: सोमवार ते शुक्रवार दुपारी दोनच्या सुमाराला घरी कोण असतं? आई असेल तर शेल्टरमध्ये जाताना तिलाही ने. शू काढायला तिलाही शिकावं लागेल, आणि तिची तयारी आहे का, हे तिच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

तुझी,
मावशी