वॉश डे घरचाच ठेव

अरे, मेसेज वाचला तुझा. बायको ब्लॅक अमेरिकन, लेकीचे केस तिच्यासारखेच घट्ट कुरळे, तिला वीकेंड ड्युटी लागली, ते केस तुझ्यावर आले आणि तू विचारतोयस की सरळ सलूनमध्ये नेऊ का. वेण्या घालायला ने की, पण वॉश डे, म्हणजे केस धुऊन, गुंता सोडवून, तेल-क्रीम लावायचा दिवस, घरचाच ठेव. अटलांटात एवढी वर्षं शाळेत काम केलं, ब्लॅक मैत्रिणींच्या घरी कितीतरी रविवार काढले, त्यावरून सांगते, तिथे आई, आजी, मावशी पोरीशी जे काही बोलतात ना ते निम्मंअधिक केस करतानाच. पोरगी खाली उशीवर, आजी मागे सोफ्यावर, गुडघ्यांच्या मध्ये डोकं, टीव्ही चालू. शाळेत कोण काय बोललं हे पोरं समोर बसवून विचारलं तर सांगत नाहीत, पाठ करून बसली की आपोआप बोलायला लागतात. आणि हे दोन-तीन तास चालतं, त्यामुळे त्या दिवशी दुसरं काही ठरवूच नकोस.

आता कामाचं. कोरडे केस विंचरायचे नाहीत, ही आपली सवय पहिली सोड. एवढ्या घट्ट कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून ते कोरडे राहतात आणि ओढले की तुटतात. म्हणूनच रोज शाम्पू पण नाही, आठ-दहा दिवसांनी बास. केस ओले कर, चार भाग करून क्लिपा लाव, कंडिशनर हात आखडता न घेता लाव, आधी बोटांनी गुंता सोडव मग रुंद दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकाकडून, मुळाकडून केलीस तर ती किंचाळणार आणि पुढच्या रविवारी बाथरूममध्ये लपून बसणार. मग लीव्ह-इन, म्हणजे न धुता केसांतच ठेवायचं कंडिशनर, त्यावर शिया बटर. आईने पाठवलेलं खोबरेल पण चालेल, फक्त ओल्या केसांवर, कोरड्यावर थापून काही उपयोग नाही. रात्री सॅटिनचं बॉनेट, म्हणजे झोपताना घालायची टोपी, कारण सुती उशी ओलावा शोषून घेते. वेणी इतकी घट्ट नको की कपाळाच्या कडेला पुटकुळ्या येतील, सतत ताण पडला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

तुझ्या सासूबाई बोलतील. "हे काय डोकं करून आणलंयस" म्हणतील. वाद घालू नकोस. त्यांच्या लहानपणी ईस्टरच्या आदल्या दिवशी गॅसवर लोखंडी कंगवा तापवून केस सरळ करायचे, कान भाजायचे, आणि ती काही नुसती हौस नव्हती रे. पोरीचे केस विस्कटलेले दिसले की बाहेरचे लोक आईला नावं ठेवायचे. लुइझियानात तर 1786 मध्ये गुलाम नसलेल्या काळ्या बायकांनी केस फडक्याने झाकावेत असा हुकूमच निघाला होता. 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या एका काळ्या कर्मचारी बाई कॉर्नरोजसाठी, म्हणजे टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्यांसाठी, कोर्टात गेल्या आणि हरल्या. केसांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करायचा नाही असा क्राउन कायदा कॅलिफोर्नियात झाला तो 2019 मध्ये, बाकी राज्यं एकेक करून त्यानंतर. म्हणजे सासूबाईंचं अख्खं आयुष्य त्याआधीच गेलं. त्यामुळे त्या कडक बोलल्या तरी ऐकून घे, आणि कॉर्नरोज शिकव म्हणून त्यांनाच विचार. खूश होतील, दाखवणार नाहीत.

आपल्या बाजूचं पण बघ हां. व्हिडिओ कॉलवर तुझी आई "अगंबाई, किती राठ केस, सरळ करून घ्या" असं म्हणाली तर तिला नंतर फोन करून समजावण्यात अर्थ नाही, तिथल्या तिथे थांबव, लेकीच्या देखत. आणि मॉलमध्ये कोणी न विचारता पोरीच्या केसांना हात लावला तर हसून सोडून देऊ नकोस. हे आपल्या लोकांना जड जातं, माहितीये मला.

या रविवारी सासूबाईंकडे जाणार असशील तर कंगवा, क्लिपा, मणी सगळं स्वतःचं घेऊन जा, त्यांचा कंगवा न विचारता उचलायचा नाही. आणि लवकर पोच, चर्चहून आल्यावर जेवायच्या आत त्यांना केस सुरू करायचे असतात.

मावशी