कुत्र्याच्या पंजावरील गाठ

आपल्या कुत्र्याच्या पंजावर गाठ दिसली म्हणून लगेच कर्करोगाची भीती बाळगू नये, परंतु ती पिळून वा सुईने फोडून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. प्रथम चांगल्या उजेडात बोटांमधील केस बाजूला सारून नीट पाहावे, कारण पावसाळ्यानंतर गवताची कुसळे तेथे शिरून आत सरकत जातात आणि त्यांभोवती पू साठून लालसर, दुखरी गाठ तयार होते. कित्येकदा तर गाठ वाटते ती रक्त पिऊन फुगलेली गोचीडच निघते. गाठीचा आकार पट्टीने मोजून छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे वाढ होते की नाही हे अंदाजावर राहत नाही. पंजा कोमट मिठाच्या पाण्यात दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटे बुडवून पूर्ण कोरडा करावा आणि कुत्रा चाटत असल्यास गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी. घरातील आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल त्याला देऊ नये, ती विषारी ठरू शकतात.

तरुण कुत्र्यांत बटणासारखी उंच, गुलाबी गाठ बहुधा हिस्टिओसायटोमा, म्हणजे त्वचेतील कर्करोग नसलेली गाठ, असते व दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. तथापि मास्ट पेशींची, म्हणजे त्वचेतील एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींची, घातक गाठही अगदी तशीच दिसू शकते, त्यामुळे केवळ नजरेने निदान करणाऱ्यावर, तो कितीही अनुभवी असो, विसंबू नये. पशुवैद्यकाकडून बारीक सुईने पेशी काढून तपासून घ्याव्यात. यासाठी बहुधा भूलही लागत नाही. गाठ नखाच्या मुळाशी असेल, रक्त येत असेल किंवा कुत्रा लंगडत असेल, तर ही भेट त्याच आठवड्यात घ्यावी.